विश्लेषण : जिंतूरच्या काळ्या रानात ‘बायोडायनॅमिक’ वाइन द्राक्षे पिकतील का?

सोयाबीनने दगा दिला की मराठवाड्यातला शेतकरी नव्या पिकाच्या शोधात निघतो. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला दर बराच काळ त्याच्या खाली रेंगाळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे नैसर्गिक शेती मिशन आधीपासून आहेच. अशा वातावरणात ‘रसायनांचा खर्च शून्य, माल थेट परदेशी दर्जाचा’ असे सांगणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागल्या, तर परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरसारख्या तालुक्यातही त्या पाहिल्या जाणारच. त्यातला सर्वांत झगमगीत शब्द म्हणजे बायोडायनॅमिक, आणि त्याला जोडून येणारे सर्वांत झगमगीत पीक म्हणजे वाइनचे द्राक्ष. फ्रान्समधल्या जगप्रसिद्ध बागा या पद्धतीने चालतात, हे खरे आहे. मात्र त्या बागांना जे साधले ते सोयाबीन, कापूस आणि तुरीच्या या तालुक्यात साधेल का, याचे उत्तर शिंगात पुरलेल्या शेणापेक्षा पावसात, मातीत आणि खरेदीदाराच्या करारात जास्त दडलेले आहे.

बायोडायनॅमिक शेती म्हणजे नेमके काय?

ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टायनर यांनी जून १९२४ मध्ये कोबरविट्झ या गावी (आज हे गाव पोलंडमध्ये आहे) शेतीवर आठ व्याख्याने दिली. स्टायनर शेतकरी नव्हते. रासायनिक खतांच्या वापरानंतर जमिनीचा कस आणि बियाण्याचा जोम घटल्याची तक्रार घेऊन काही जमीनदार त्यांच्याकडे आले होते. पुढच्याच वर्षी स्टायनर वारले. ‘बायोडायनॅमिक’ हे नाव आणि आजची पद्धत त्यांच्या अनुयायांनी घडवली. १९२८ पासून या मालावर ‘डिमिटर’ ही मुद्रा लागू लागली, ती आजही याच पद्धतीची ओळख आहे.

या पद्धतीचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ओळखणे महत्त्वाचे. पहिला भाग कोणत्याही चांगल्या सेंद्रिय शेतीचा आहे. शेत हे स्वतःपुरते पूर्ण असावे, गोठा शेतातच असावा, खत बाहेरून आणू नये, कंपोस्ट नीट कुजवावे, ओळींमध्ये हिरवळीची पिके घ्यावीत, कृत्रिम खते आणि कीटकनाशके वापरू नयेत. दुसरा भाग खास स्टायनर यांचा. व्यालेल्या गाईच्या शिंगात ताजे शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे, बाहेर काढल्यावर त्यातले मूठभर घेऊन पाण्यात तासभर ढवळायचे, तेही एका दिशेने भोवरा करून मग उलट्या दिशेने, आणि संध्याकाळी जमिनीवर शिंपडायचे. हे ‘५०० क्रमांकाचे’ द्रावण. ‘५०१’ मध्ये शेणाऐवजी गारगोटीची पूड असते आणि ती पानांवर फवारतात. ५०२ ते ५०७ ही कंपोस्टमध्ये घालायची वनस्पतींची मिश्रणे. भारतात एकरी साधारण २५ ग्रॅम शिंगखत पंधरा लिटरच्या आसपास पाण्यात ढवळण्याची रीत आहे. इतक्या शेणातून वेलीला नत्र किंवा पालाश मिळत नाही, हे त्याचे समर्थकही मान्य करतात. त्यांच्या मते हे खत नसून जमिनीला दिलेली चेतना आहे.

भारतात ही पद्धत नवी नाही. न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर १९९०च्या दशकापासून येथे येऊन ती शिकवत होते. दार्जिलिंगच्या मकाईबारी चहामळ्याने तिच्या जोरावर नाव कमावले. ‘सीपीपी’ या नावाने ओळखले जाणारे, विटांच्या उथळ खड्ड्यात कुजवलेले शेणखत अनेक सेंद्रिय शेतकरी वापरतात, त्याचेही मूळ याच परंपरेत आहे.

वाइनवाल्यांना तिचे इतके आकर्षण का?

गव्हाची पोळी कोणत्या बांधावरच्या गव्हाची आहे, हे कोणी विचारत नाही. वाइनचा सगळा धंदाच त्या प्रश्नावर उभा आहे. बाटलीची किंमत जमिनीच्या तुकड्यावर ठरते, त्यामुळे ‘आमच्या मातीत आम्ही बाहेरचे काहीही घालत नाही’ हे वाक्य तिथे रोख पैशात मोजले जाते. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातील निकोला जॉली यांनी कुले द सेरां ही आपली बाग १९८०च्या दशकात या पद्धतीवर नेली आणि तिचा जगभर प्रचार केला. बरगंडीत लालू बीझ-लरवा यांनी १९८८ मध्ये तीच वाट धरली. या बागांच्या बाटल्यांची किंमत सामान्य माणसाच्या महिन्याच्या पगाराच्या पुढे जाते.

या यशोगाथांमध्ये एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बोर्दोतील पोंते-काने ही सुमारे ८० हेक्टरची श्रीमंत बाग २००७ मध्ये बायोडायनॅमिकच्या वाटेवर होती. त्या वर्षीचा उन्हाळा पावसाळी निघाला, केवडा रोगाने बागेत हात-पाय पसरले आणि मालकाने शेवटी रासायनिक औषध फवारले. बाग पुढे पुन्हा त्या पद्धतीकडे वळली, प्रमाणपत्रही मिळाले. पण एक ओले वर्ष सोसण्यासाठी लागणारी तिजोरी त्यांच्याकडे होती. दोन एकरांच्या शेतकऱ्याकडे पीककर्जाचा हप्ता असतो.

शिंगखताचा परिणाम मोजला गेला आहे का?

मोजला गेला आहे, आणि निकाल दोन्ही बाजूंच्या कट्टरांना अडचणीचे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ थेरविल येथे १९७८ पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक शेती शेजारी-शेजारी करून पाहिली जात आहे. २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक पद्धतींचे उत्पादन सरासरी २० टक्के कमी होते, पण खते आणि ऊर्जेचा वापर ३४ ते ५३ टक्क्यांनी व कीटकनाशकांचा ९७ टक्क्यांनी घटला होता. माती जास्त जिवंत होती, गांडुळे जास्त होती. ही पिके गहू, बटाटा अशी होती, द्राक्ष नव्हते.

द्राक्षाचे दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत. कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो भागात मर्लो जातीच्या एका बागेत सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक तुकड्यांची काही वर्षे तुलना झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मातीच्या गुणवत्तेत फरक आढळला नाही, फळाच्या रसायनात काही वर्षी किरकोळ फरक दिसला. जर्मनीतील गायझेनहाइम येथे २००६ पासून रिस्लिंग जातीवर प्रयोग सुरू झाला. तिथे सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक या दोन्ही वेलींची वाढ आणि उत्पादन रासायनिक व्यवस्थापनाच्या वेलींपेक्षा कमी होते, फळाचा दर्जा मात्र घसरला नव्हता. सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक यांच्यात सांगण्याजोगा फरक मिळाला नाही.

याचा सरळ अर्थ असा की लाभ पहिल्या भागाचा आहे. कंपोस्ट, आच्छादन, हिरवळीचे पीक आणि बागेत रोज फिरणारा मालक, या चार गोष्टी काम करतात. शिंग, गारगोटी आणि भोवरा यांनी त्यात भर पडते, याचा भक्कम पुरावा शंभर वर्षांत मिळालेला नाही. शिंगखतवाल्या बागांची वाइन चांगली असते, या दाव्यात तथ्य असू शकते. तासभर पाणी ढवळण्याइतका चिकाटीचा माणूस छाटणी, विरळणी आणि काढणीही तितक्याच निगुतीने करतो.

चंद्राचे पंचांग आणि आपली नक्षत्रे एकच आहेत का?

बायोडायनॅमिक शेतीचा प्रचार महाराष्ट्रात करताना ‘आपले पूर्वजही नक्षत्र बघूनच पेरत होते’ असे हमखास सांगितले जाते. ऐकायला गोड आहे. पण दोन्हींत मूलभूत फरक आहे. शेतकरी ज्या रोहिणी, मृग, आर्द्रा, हस्त या नक्षत्रांबद्दल बोलतो ती सूर्याची नक्षत्रे आहेत. सूर्य मृगात शिरतो तो दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास. म्हणजे हे पंचांग वस्तुतः ऋतूचे घड्याळ आहे. मृगाची पेरणी, हत्तीचा पाऊस ही शेकडो वर्षांच्या पावसाची नोंद आहे. पाऊस हल्ली ते घड्याळ पाळत नाही, ही वेगळी तक्रार.

जर्मनीच्या मारिया थुन यांनी तयार केलेले बायोडायनॅमिक पंचांग चंद्राचे आहे. चंद्र साधारण सव्वासत्तावीस दिवसांत सगळ्या राशी फिरून येतो. तो कोणत्या राशीत आहे त्यावरून मुळांचा दिवस, पानांचा दिवस, फुलांचा दिवस आणि फळांचा दिवस ठरतो. द्राक्ष फळाच्या दिवशी तोडायचे. आता फेब्रुवारीच्या अखेरीस साखर हवी तेवढी भरली आहे, परभणीच्या वेधशाळेने गारपिटीचा इशारा दिला आहे आणि पंचांगात पुढचा फळदिवस चार दिवसांनी आहे, तर काय करायचे? २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. तिथे उत्तर पंचांगात शोधणारा शेतकरी विरळाच.

दख्खनच्या वेलीला ही पद्धत का जड जाते?

खरी अडचण इथे आहे, आणि प्रचाराच्या चित्रफितींत तिचा उल्लेखही नसतो. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते. पाने गळतात, बर्फ पडतो, रोगांचे बरेचसे बीजाणू निष्क्रिय होतात. शिंग हिवाळ्यात पुरण्यामागे स्टायनर यांची कल्पनाही तिथल्या झोपलेल्या जमिनीवर आधारलेली. महाराष्ट्रातली वेल झोपतच नाही. तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची, ऑक्टोबरच्या आगेमागे फळछाटणी करून माल घ्यायचा. या दोन छाटण्यांच्या मधला पावसाळा वेल हिरव्यागार पानांनी काढते, म्हणजे केवडा, भुरी आणि करपा यांना चार महिने पंगत मांडलेली असते.

फळछाटणीनंतर सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून येथील बागायतदार काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. सेंद्रिय किंवा बायोडायनॅमिक नियमांत त्याला परवानगी नाही. ते न लावता डोळे मागेपुढे फुटतात. खाण्याच्या द्राक्षात तेवढे चालून जाईल, कारण तोडणी दोन-तीनदा करता येते. वाइनसाठी एकाच घडात पिकलेले आणि आंबट मणी एकत्र आले तर सगळा माल बिघडतो.

मग केवड्यासाठी काय? बायोडायनॅमिक नियमांत तांबे चालते. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास मिलार्दे यांनी पुढे आणलेले बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, हे आजही सेंद्रिय द्राक्षशेतीचे मुख्य हत्यार आहे. पण तांबे जमिनीत साठते, कुजत नाही. म्हणून युरोपीय संघाने सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोची, म्हणजे वर्षाला सरासरी चार किलोची मर्यादा घातली आहे. डिमिटरची मर्यादा त्याहून कडक, वर्षाला सरासरी तीन किलो.

या तीन किलोंचा हिशेब जिंतूरच्या एकरात करून पाहू. मोरचुदात साधारण एक चतुर्थांश तांबे असते. तीन किलो तांबे म्हणजे हेक्टरी बारा किलोच्या आसपास मोरचूद, एकरी पावणेपाच किलो. एक टक्का बोर्डो करायला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद लागतो. म्हणजे वर्षभरासाठी एकरी पावणेपाचशे लिटर मिश्रण मिळाले. पूर्ण पानोऱ्याच्या बागेला एका वेळी एकरी चारशे लिटर पाणी सहज लागते. थोडक्यात, पूर्ण ताकदीची एक फवारणी आणि वर थोडे. अर्धा टक्का वापरला तर दोन-सव्वादोन. जून ते सप्टेंबरच्या पावसाळ्यात आणि ऑक्टोबरनंतरच्या कोवळ्या फुटीवर मिळून इतक्यात भागवायचे.

मर्यादा सात वर्षांच्या सरासरीची असल्याने एखादे ओले वर्ष सावरून घेता येते. पण मराठवाड्यात सप्टेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ अशी सलग दोन वर्षे अतिवृष्टी झाली. सरासरीने सवलत द्यायची तर कोरडी वर्षेही यावी लागतात, आणि ती आली की पाण्याचा प्रश्न उभा राहतो.

मग जिंतूरमध्ये काहीच जमेल असे नाही का?

अनुकूल गोष्टीही आहेत. परभणी परिसराची थंडी मराठवाड्यात प्रसिद्ध आहे, थंडीच्या लाटेत पारा एक आकडी होतो. दुपारचे ऊन आणि रात्रीचा गारवा यांच्यातली तफावत द्राक्षाचा रंग आणि आंबटपणा टिकवायला उपयोगी पडते. नाशिकबाहेर वाइन होत नाही, हा समजही आता मोडला आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात फ्रातेल्ली कंपनीने मोहिते-पाटील कुटुंबाच्या भागीदारीत, इटालियन वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली, सांजोवेजेसारख्या जाती लावून तिथल्या कोरड्या हवेत वाइन बनवून दाखवली.

जिंतूरला लागूनच असलेल्या जालना जिल्ह्यातले कडवंची गाव तर आणखी जवळचे उदाहरण. पाणलोट विकास आणि शेततळ्यांच्या जोरावर हे गाव द्राक्षाचे गाव झाले. विजयअण्णा बोराडे आणि जालन्याच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने झालेल्या कामाचा कस २०१२-१३च्या दुष्काळात लागला आणि तिथल्या बागा तगल्या. पण कडवंचीचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी बांधबंदिस्ती, मग शेततळे, मग द्राक्ष. पद्धतीचे नाव काय, हा प्रश्न तिथे कोणी आधी विचारला नाही.

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे मोठे धरण आहे. त्याचे पाणी वीज तयार करून खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि कालवे तिथून पुढे निघतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण या तालुक्यातल्या वरच्या गावांना शिकवावी लागत नाही. द्राक्षाला पाणी उसाइतके लागत नाही, पण एप्रिल-मेमध्ये खरड छाटणीनंतर ते लागतेच, आणि नेमके तेव्हाच विहिरी तळ गाठतात.

जमिनीचे दोन प्रकार आहेत. नदीकाठची खोल काळी कापसाची जमीन पाणी धरून ठेवते. द्राक्षाच्या मुळांना साचलेले पाणी चालत नाही, आणि अशा जमिनीत वेल पाल्यालाच लागते, फळाला गोडी-रंग येत नाही. डोंगरउताराची मुरमाड, हलकी जमीन, जिला ज्वारीसुद्धा नाराज असते, तीच वाइनच्या द्राक्षाला मानवते. गंमत म्हणजे तिथेच पाणी सर्वांत कमी.

गोठ्याचाही प्रश्न आहे. लाल कंधारी आणि देवणी हे मराठवाड्याचे स्वतःचे गोवंश, पण ट्रॅक्टर आल्यावर दावणी रिकाम्या झाल्या. शेण बाहेरून विकत आणले तर खर्च वाढतो आणि ‘शेत स्वतःपुरते पूर्ण’ हे तत्त्वही उरत नाही. शिंगे मिळवणे त्या मानाने सोपे.

माल विकत कोण घेणार?

वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, बियांचा आणि जाड सालीचा असतो. शिराज किंवा कॅबर्ने सोविन्यों परभणीच्या मोंढ्यात नेऊन कोणी घेणार नाही, त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. गिऱ्हाईक एकच, वायनरी. आणि वायनरी शेतकऱ्याने घरी काढायची गोष्ट नाही, त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो.

राज्याने २००१ मध्ये वाइन धोरण आणले. वाइन पार्क उभे राहिले ते नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला, मराठवाड्याच्या वाट्याला काही आले नाही. धोरणाच्या उत्साहात अनेकांनी खाण्याच्या द्राक्षाऐवजी वाइनच्या जाती लावल्या. २००८च्या मंदीनंतर मागणी कोसळली, साठे पडून राहिले आणि नाशिक पट्ट्यात शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटल्या. जिथे वायनरी घराशेजारी होत्या तिथली ही कथा. जिंतूरहून नाशिकच्या वायनरी तीनशे किलोमीटरहून लांब आहेत. जालन्यापासून पुढे समृद्धी महामार्ग आहे, रस्त्याची तक्रार उरलेली नाही. पण वाइनचे द्राक्ष पहाटे तोडून गार असतानाच गाळपाला जावे लागते, त्यामुळे शीतवाहनाचा खर्च दरात धरावाच लागतो.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास मुभा देण्याचा निर्णय घेतला तेव्हा ‘शेतकऱ्याच्या हितासाठी’ असे कारण दिले गेले. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय प्रत्यक्षात आला नाही. त्या वादात वाइन दारू की फळाचा रस यावर बरेच बोलले गेले. शेतकऱ्याला किलोमागे काय मिळणार, यावर फार कोणी बोलले नाही.

प्रमाणपत्राचे गणित वेगळेच. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात बारमाही पिकांना साधारण तीन वर्षांचा संक्रमण काळ असतो. या काळात रसायने बंद, उत्पादन घटलेले आणि माल मात्र सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. बाग लावल्यापासून चांगला माल यायलाही तीनेक वर्षे जातात, त्यामुळे नवी बाग पहिल्या दिवसापासून सेंद्रिय ठेवली तर दोन्ही कालावधी एकावर एक बसतात. नव्या लागवडीचा हा एक खरा फायदा आहे. पण डिमिटरचे वेगळे प्रमाणपत्र घ्यायचे तर शुल्क आणि तपासणी आणखी. त्याचा वाढीव भाव बाटलीवर मिळतो, क्रेटवर मिळेलच असे नाही.

विद्यापीठे काय करू शकतात?

परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे आणि तिथे सेंद्रिय शेतीचे संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे. बायोडायनॅमिकवर हसणे सोपे आणि तिची भक्ती करणे त्याहून सोपे. या दोन्हींपेक्षा एक साधा प्रयोग उपयोगाचा ठरेल. मुरमाड जमिनीवर एकाच जातीच्या, एकाच खुंटावरच्या वेलींचे तीन तुकडे करावेत. तिन्हींना सारखेच कंपोस्ट, सारखेच आच्छादन, सारखेच तांबे. एकाला शिंगखत, दुसऱ्याला जीवामृत, तिसऱ्याला नुसते पाणी. कोणता तुकडा कोणता हे फळ तपासणाऱ्याला सांगायचे नाही. पाच हंगामांच्या नोंदी मराठीत जाहीर करायच्या. गायझेनहाइममध्ये जे झाले ते बर्फाच्या देशात झाले. दोन छाटण्यांच्या वेलीवरचा हिशेब इथेच मांडावा लागेल, आणि तो मांडेपर्यंत सरकारी योजनेतून शिंगखताचे प्रशिक्षणवर्ग काढणे म्हणजे शेतकऱ्याच्या रानात त्याच्याच खर्चाने प्रयोग करणे होय.

महाराष्ट्राला अशा निरीक्षणाची परंपराही आहे. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभारून द्राक्ष बागायतदारांना पान आणि ऊन यांचा हिशेब मांडायला शिकवले. त्यांच्या पद्धतीत गूढ काही नव्हते, वही आणि पेन्सिल होती. तासगावच्या मळ्यांतून तास-ए-गणेशसारखा वाण निवडला गेला तोही बागायतदाराच्या नजरेतून.

आज जिंतूरच्या शेतकऱ्याने काय पाहावे?

ज्याला हौस आहे आणि शेततळे आहे, त्याने दहा गुंठ्यांपासून सुरुवात करावी, तीही वायनरीचा लेखी करार हातात आल्यावरच. करारात साखरेचे प्रमाण किती हवे, दर कोणत्या तारखेला ठरणार, वाहतूक कोणाची आणि कंपनीने माल नाकारला तर काय, एवढे चार मुद्दे नसतील तर तो कागद नुसता कागद. लागवड सुचवणारा सल्लागार रोपेही विकत असेल, तर दुसऱ्या कोणाचे मत घ्यावे. कंपोस्ट, आच्छादन, ओळींत ताग किंवा चवळी, हे सारे बायोडायनॅमिकच्या पहिल्या भागातले उपाय आजच्या तुरीत आणि कापसातही करता येतात, त्यासाठी द्राक्षाची वाट पाहायची गरज नाही.

खुंटरोपांची लागवड साधारण जानेवारी ते मार्चदरम्यान होते आणि कलम बांधणी पावसाळ्याच्या अखेरीस. म्हणजे नव्या बागेचा पहिला उन्हाळा पावसाच्या आधीच येतो, आणि मे महिन्यात विहिरीत किती पाणी उरते ही नोंद गेल्या तीन वर्षांची तरी हवी. जमिनीची चाचणी त्याहून स्वस्त आहे. ऐन पावसाळ्यात रानात तीन फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने काठोकाठ भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी उभे दिसले, तर त्या रानात तूरच बरी.